पंचनाम्याची मर्यादा

अहो नाही, तो लाल दिवा तुमच्यामुळे नाही लागला, तो नेहमीचाच आहे — तुम्ही तुमचं चालू द्या. गॅसचं प्रेशर स्थिर व्हायला वीस मिनिटं लागतात म्हणालात ना? मग बसते मी इथंच, या खोक्यावर. एसीवाल्याजवळ बसलं की ऑफिसातलं कुणी काही विचारायला येत नाही, असा माझा अनुभव आहे. आम्ही काय करतो? कर्नल. सैन्यातला नाही हो! कॉम्प्युटरच्या पोटातला. सगळ्यांना जागा वाटून देतो, भांडणं सोडवतो, आणि बिघडल्याशिवाय कुणी त्याचं नाव घेत नाही — थोडक्यात, घरातली थोरली सून. ती मी, दोन्हीकडे. तर हा कर्नल मेला की मरता मरता एक काम करतो — त्या क्षणी मेमरीत काय काय होतं ते डिस्कवर लिहून ठेवतो. क्रॅश डंप म्हणतात. पंचनामाच म्हणा ना. फरक एवढाच, की इथं पंचनामा मयतानं स्वतःच करायचा.

आणि या पंचनाम्याला मर्यादा होती. चौसष्ट एमबी. त्याच्या पुढचं लिहायचंच नाही. कुणी ठरवली? मीच, चौदा वर्षांपूर्वी. तेव्हा डिस्क एवढ्याएवढ्याशा, भरून गेली तर मेलेलं मशीन परत उठायचं नाही — म्हणून आकडा थेट कोडमध्ये लिहून टाकला. बदलायचाय? मग अख्खा कर्नल नव्यानं बांधा. मेमरी वाढली, डिस्क वाढल्या, मी वाढले — आकडा तिथंच. मला तो आवडायचा हो.

त्यात आमच्या नणंदबाई. नवऱ्याची धाकटी बहीण, आमच्यातच राहते. मीच चिकटवली इथं, सासूबाईंनी डोकं खाल्लं म्हणून. हुशार आहे — तेच तर दुखणं. जेवताना भाजी अळणी झालीय असं कधी म्हणणार नाही, मिठाची बरणी नुसती पुढं सरकवणार. तिच्याकडं डिस्कचा ड्रायव्हर होता, म्हणजे डिस्कशी बोलणारा कोड. सहा महिन्यांपूर्वी एका रक्ततपासणीच्या लॅबमधलं आमचं मशीन दर सोमवारी अकराच्या सुमाराला बंद पडायला लागलं. सोमवारी गर्दी जास्त ना — बाकावर माणसं रिपोर्टसाठी बसलीयेत आणि मशीननं डोळे पांढरे केलेत. पंचनामा उघडला. चौसष्ट एमबी जिथं संपतात तिथं शेवटचं नाव ड्रायव्हरचं. झालं! प्रेताशेजारी सापडली म्हणून खुनी तीच. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला अशी धुतली म्हणता! ती एवढंच म्हणाली, "पुढचंही वाचायला हवं. मर्यादा वाढवून बघू या." सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणाले, "एका माणसासाठी कर्नल बदलत नसतात." काय झोकात म्हणाले! आठवड्याभरात तिची बदली झाली — खालच्या मजल्यावर, माहितीपुस्तिका लिहायला.

पण गप्प बसेल तर नणंद कसली? पुस्तिका लिहिता लिहिता तिनं बदल लिहिला. आकडा कोडमधून काढला, सेटिंगमध्ये नेला. ज्याच्या त्याच्या मशीनवर ज्यानं त्यानं ठरवावं — चौसष्ट, पाचशे, नाहीतर सगळंच. डिस्कवर जागा पुरणार नसेल तर आधीच सांगणार. साठ-सत्तर ओळी, पण काय सुरेख! तपासायला कुणाकडं? माझ्याकडं. अकरा आठवडे लोंबकळत ठेवलं मी. सेटिंगचं हे नाव फार लांब आहे — तिनं बदललं. आता फार छोटं झालं — परत बदललं. इथं पूर्णविराम नाही — घातला. एकदा लिहिलं, 'याची गरज पटवून द्या.' तिनं पानभर पटवून दिली, आणि खाली 'आभारी आहे'. शेवटी साहेबच म्हणाले, घ्या आता तो बदल. घेतला. मग कुठं मला कळलं, की खरी चूक — नाही, आधी माहीत नव्हतं. म्हणजे — तुम्ही तो पाना जरा खाली ठेवा हो, असं बघू नका. तिसऱ्या आठवड्यातच माहीत होतं. तिची चूक काढायला म्हणून माझ्या टेबलावरच्या मशीनवर तिचा बदल घातला, लॅबचं काम त्यावर चालवलं, मशीन पाडलं. चूक सापडली, नव्वद एमबीच्या आसपास. माझी! सोडून दिलेली जागा माझाच कोड परत वापरत होता — खोली सोडल्यावर किल्ली ठेवून घेणाऱ्या भाडेकरूसारखा — आणि तिथं नव्यानं राहायला आलेल्या तिच्या ड्रायव्हरला तुडवत होता. पुढचे आठ आठवडे मी पूर्णविराम शोधत बसले.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी — बदल लॅबच्या मशीनवर गेला तेव्हा मर्यादेचा आकडा मीच भरला. आता कुणालाही कितीही ठेवता येतो ना, तिनंच सोय केली ना? मी चौसष्ट ठेवला.

शुक्रवारी परत मीटिंग, परत अर्धाच पंचनामा. साहेब म्हणाले, बघा, एवढं करूनही ड्रायव्हरच! तिला खालून बोलावलं होतं. म्हटलं, आता ही विचारणार, मर्यादा किती ठेवलीत? नाही विचारलं. म्हणाली, "वहिनीनं बघितलंय ना? मग माझंच चुकलं असेल." टोमणा? टोमणा असता तर बरं झालं असतं हो, टोमण्याला माझ्याकडं उत्तर असतं! ती मनापासून म्हणत होती. आणि रविवारी घरी माझ्या केसांना रंग लावून दिला तिनं. कानाला डाग पडू नये म्हणून आधी क्रीम चोळलं. दोन्ही कानांना. मी आपली मान खाली घालून बसलेली.

आज सकाळी आल्या आल्या मर्यादाच काढून टाकली. अकराला मशीन पडलं. सगळा पंचनामा आला, शेवटच्या ओळीपर्यंत. पाठवला सगळ्यांना — साहेबांना, लॅबला, तिला. वर लिहिलं, चूक माझ्या कोडमध्ये आहे आणि मला ती अडीच महिने माहीत होती. दुरुस्ती? तीही पाठवली. दोन ओळींची! दोन ओळींसाठी मी त्या पोरीला — लॅबवाल्यांनी ती लगेच घातली, मशीन चालू आहे म्हणे. साहेबांनी तीनला बोलावलंय. नवऱ्याला अजून काही — त्याची बहीण आहे हो ती, माझी कोण —

अगंबाई. काचेपलीकडं बघा. तीच. हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा, सगळा छापून काढलाय वाटतं.

दादा, उठा. जरा बाहेर थांबा. हत्यारं राहू द्या इथंच, कोण खातंय! आणि तो पंखा बंद नका करू, मोठाच ठेवा, बाहेर ऐकू नको जायला.

ये गं. दार लावून घे.