सरळ केलेली तार

काकू, आणि काकांच्या शोकसभेला आलेले तुम्ही सगळे. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. पण माझ्याआधी आपल्या ऑफिसचे साहेब बोलले, त्यामुळे गप्पही बसवत नाही.

साहेब म्हणाले, प्रभाकरकाका घरच्यासारखे होते. साहेब, मग काका वर्षभर घरी बसून होते, तेव्हा त्या घरी तुम्ही एकदा तरी गेलात का?

खामगावच्या आपल्या ऑफिसात अकरा वर्षं माझं टेबल काकांच्या शेजारी होतं. कारखान्यांची चित्रं आम्ही कॉम्प्युटरवर काढायचो. दोन वर्षांपूर्वी एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, काम आलं. रुईच्या गाठी उचलणारी, वरच्या रुळावर सरकणारी ट्रॉली, आणि तिला वीज नेणारी तार. तारेचं वजन आणि लांबी भरली की ती किती लोंबेल ते कॉम्प्युटर दाखवतो. काकांनी दाखवलं. ट्रॉली अलीकडे आली की तारेचा झोल थेट तिथे काम करणाऱ्या बायांच्या वाटेवर उतरत होता. साहेबांना पटेना, म्हणून काकांनी दोन कपाटांना दोरी बांधून तेच पुन्हा दाखवलं. म्हणाले, "साहेब, हे बाईमाणसाच्या डोक्याले लागते. आधाराचे हूक वाढवा."

साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला चित्र साफ हवं, झोल काढून टाका. काका नाही म्हणाले. सरळ नाही म्हणाले.

मग साहेब माझ्या टेबलाशी आले.

ऐका, नीट ऐका. ती तार मी सरळ केली. तारेचं वजन धरायचंच नाही, असं कॉम्प्युटरला सांगितलं आणि झोल गेला. चित्र सुंदर दिसलं. खाली तपासणारा म्हणून नाव मात्र काकांचं छापलं गेलं, नेहमीसारखं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हूक न वाढवता बसवलेली तार गाठीच्या लोखंडी पट्टीत अडकली, तुटली, आणि कमलबाईंचा उजवा हात भाजला. त्या मागे बसल्या आहेत. एसटीनं आल्या आहेत. त्यांना कोणी खुर्ची पुढे दिली का?

चौकशीत साहेबांनी काकांकडे बोट दाखवलं आणि त्यांना घरी बसवलं. ऑफिसातले आम्ही सात जण खाली पाहत होतो. तुम्ही सहा जण आज हार घेऊन आला आहात. मी काकांच्या घरी गेले, म्हटलं, माझं नाव सांगा. काका म्हणाले, "तुये लेकरं लहान हायेत. माह्यं काय, रिटायर व्हाचंच होतं." आणि मी ते ऐकलं. मला ऐकायचंच होतं. काका मात्र दर सोमवारी कमलबाईंना पट्टी करायला दवाखान्यात नेत राहिले. हे मला आज दाराशी कमलबाईंनी सांगितलं.

गेल्या मंगळवारी काका गेले. नाव तसंच डागाळलेलं राहिलं.

काल मी चौकशी अधिकाऱ्यांकडे दोन्ही चित्रं दिली. काकांचं आणि माझं. कोणी सांगितलं, कोणी केलं, ते लिहून खाली सही केली. माझं जे व्हायचं ते होवो. काकू, माफी मागत नाही. ती मागायचा दिवस काका होते तेव्हा होता.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. दोन मिनिटं.

साहेब, दाराकडे नाही. फोटोकडे.