मैनेची मेहनत

आमी खाडीकडचे कोळी, बाय, लिवून घ्या. आजा होडीवर, बाप होडीवर, आन मी निघालो घोडीवाला. काय सांगू तुमाला, होडीत पाय ठेवला की मना उलटी व्हायची, कोळ्याच्या पोटचा मी, म्हनून बापानं पनवेलला एका टांगेवाल्याकडं ठेवला, तिथं टांगा शिकलो, आन शिकून झालो तवर सहा सीटच्या रिक्षा आल्या. टांग्याचा धंदा बसला. राहिली एक घोडी, मैना.

जत्रंला आमच्याकडं घोडागाडीची मोठी शर्यत असायची, पार अलिबागवरनं गाड्या यायच्या. मी ठरवलं, मैनेला घालायची. माजी बायको हिरा मच्छी इकते, ती बोलली, घाला, पन पयल्या तिनात आली नाय तर घोडी इकायची आन तुमी न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात लागायचं, हाय कबूल? मी बोललो, हाय. दुसरं काय बोलनार.

मंग सहा महिने मेहनत. ओहोटी लागली की ओल्या रेतीत आदी नुसती चालवायची, मंग दुडकी, मंग भरधाव. भिजवलेले हरभरे, पायांना कोमट तेल, घाम जिरल्याबिगर पानी नाय. आता दम वाढवायला गाडीत वजन लागतं, लोक रेतीच्या गोनी टाकतात. मी बोललो, गोनी कशाला, हिरा हाय की. तिला हे मी सांगितलं नाय. तिच्या मच्छीच्या पाट्या घ्यायच्या, तिला बसवायची, आन रोज उलव्याच्या नव्या बिल्डिंगीपर्यंत जायचं. हिरा हाक मारायची, घ्या गो कोलबी, की मैना उभी. गिऱ्हाईक झालं की हिरा बोलायची, चल बाय पुढं, की मैना चालू. लगाम मी नुसता धरून बसायचो, आन मना वाटायचं, घोडी किती शानी झाली.

शर्यतीत मैना आशी सुटली की दोन नंबरला. आन कडेला जत्रंत एक म्हातारी पाटी घेऊन बसलेली, ती वराडली, घ्या गो कोलबी. मैना उभी. भर शर्यतीत, बाय. मी लगाम हिसडला, हात जोडले, बापाची आन घातली, ती मान वळवून गिऱ्हाईक बघते. लोक पोट धरून हसतात. एक गाडी पुढं गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मना यार्डाचं गेट दिसाया लागलं.

तवर गर्दीतनं हिराचा आवाज, चल बाय पुढं. मैनेनं कान टवकारले आन निघाली ती दोन गाड्या मागं टाकून, बराबर तिसरी.

घरी येताना मी इचारलं, तुला तर घोडी इकायची होती ना गो? ती बोलली, मना मैनेचं काय पडलंय, उलव्याला पाट्या डोक्यावर कोन नेनार, तुमी? आन पदरानं मैनेचं तोंड पुसत बसली. माज्या तोंडाला पन फेस होता, तो कोनी बघितला नाय.

आता मैना म्हातारी झाली, शर्यत बंद, मच्छीची फेरी तेवढी चालू. लोक इचारतात, ती गाडी हाकली कोनी. मी सांगतो, मी आत बसलो होतो. तुमी पन तसंच लिवा. देव तुमाला सुखी ठेवो, बाय. आन उलव्यालाच ऱ्हाता ना, मंग सकाळी हिराची हाक आली की खाली येत जा. गिऱ्हाईक झाल्याबिगर मैना दारातनं हलत नाय.