पामचा पानसोट

माहा जलम रामाकोन्याचा, छोट्या लाईनच्या ठेसनामांगं आमचं घर, गाडी गेली का चुलीवरचे भांडे वाजत, बाप संत्र्याच्या बगीच्यात रोजीनं, माय बी रोजीनं, मंग मी कुठी जानार, मी बी बगीच्यातच. पन मी नुसता रोजीवाला नव्हतो गुरुजी, हे पहिले लिहून घ्या. मी कलम बांधनारा. जंबेरीच्या खुंटाले संत्र्याचा डोळा बांधाचं काम बापानं शिकोलं, अन चार-पाच सालात मी बापाच्या पुढं गेलो. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापावतर लोक म्हनत, डोळा बांधाचा तं रामदासच्याच हातानं बांधा. आता एखाद्या मानसाले सारेच असं म्हनाले लागले का त्याच्या डोक्शात हवा भरते. माह्या डोक्शात जराशी जास्तच भरली होती, खोटं कायले बोलू.

पन कलमाचं काम बारा महिने थोडीच असते. दोन-तीन महिने लोक घरी बलवाले येत, बाकीच्या दिवसात कोनी ओळख देत नव्हतं. आज या बगीच्यात, उद्या त्या बगीच्यात, आमची बबी लहान, तिची शाळा यापायी सुटत चालली होती. अन तेवढ्यात सौसरच्या सरकारी बंगल्यावर माळी पाहिजे म्हनून निरोप आला. पाहुने साहेब लोक उतरते ना, तो बंगला. गेलो. इंजिनेर साहेब नवे आले होते, हिंदीवाले, उंचपुरे, चष्म्यातून पाहात. म्हने, आत्ता मस्टरवर रोजीनं घेतो रामदास, पन माळ्याची एक पक्की जागा मंजूर होऊन राहिली, काम चांगलं दिसलं तं तुमचं नाव लिहून पाठवतो. पक्की जागा! काय सांगू तुम्हाले, म्या घरी येऊन माह्या बायकोले, कौसल्याले, तीनदा सांगतलं, अन तिनं तिन्ही वेळा पहिल्यांदाच आयकल्यासारखं आयकलं. मांगच्या खोलीत राहाले जागा भेटली, बबीचं नाव शाळेत घातलं, कौसल्या बी पानी भराले मस्टरवर लागली. आता एकच ध्यास होता, ते जागा पक्की झाली पाहिजे.

मंग एक दिवस नागपूरहून टरक आला. त्याच्यात टिनाच्या डब्यात सहा झाडं. कमरेएवढे. साहेब सोता टरकावर चढला, सोताच्या हातानं एक-एक खाली देल्लं, पोरगी सासरहून आल्यासारखा हरिकला होता. म्हने, हे पाम हाय पाम, बंगल्याच्या छपराच्या कवेलूच्या वर जाईन, खोड असं पांढरं, गुळगुळीत, अन वरतं मोराच्या पिसाऱ्यावानी पानं, फाटकापासून पोर्चपावतर रांगेनं लावू. म्या इचारलं, साहेब, याले फळ काय येते. म्हने, खाचं फळ नाही येत. म्हनलं, मंग सावली. म्हने, सावली बी नाही पडत म्हना ना. लाकूड. म्हने, नाही. म्हनलं, मंग हे झाड हाय कायले साहेब. साहेब म्हने, पाहाले.

पाहाले! आता आमच्या सात पिढ्या संत्र्यात गेल्या, नुसतं पाहाचं झाड म्या काई आयकलं नव्हतं. हसू आलं पन दाबलं. घरी येऊन कौसल्याले सांगतलं, अवं, साहेबाचं डोकं फिरलं, पाहाले झाडं आनली. ते पीठ मळता मळता म्हने, मंग काय झालं, साऱ्याच झाडाइनं काय पोटच भराचं काय, एखादं पाहाले राहिलं तं राहिलं. अशी हाय ते. कमी बोलते, पन बोलली का मानसाले घास गिळता येत नाही.

खड्डे म्या खनले. आपली काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडते, म्हनून मुरूम अन शेनखत टाकून खड्डे भरले, डबे कापून झाडं बसोले. पानी कौसल्या घाले. सालभरात झाडं छातीले आले. साहेब दौऱ्याहून आला का जीपमधून उतरून पहिले पामपाशी जाये, मंग घरात. अन मंग साहेबाची माय बिमार पडली, तार आली, साहेब लंब्या सुट्टीवर गेला. जातानी मले म्हने, रामदास, पाम तुमच्या भरोशावर सोडून चाललो. म्या छाती ठोकून सांगतलं, बिनघोर जा साहेब, माह्या हातानं झाड मेलं असं या तालुक्यात कोनी दाखवून द्यावं.

आता आयका. संत्र्याच्या झाडात एक पानसोट निघते. बाकी फांद्या आडव्या-तिडव्या, अन हा एकटाच सरसर सरळ वर, कवळा, जोरदार. झाडाचा सारा रस हाच पिऊन घेते अन फळ काई देत नाही. तो दिसला का मोडाचा, हे आमच्या हाताले शिकवा लागत नाही, हात आपोआपच जाते. एक दिवस सकाळी मी पामाइच्या रांगेतून चाललो होतो, अन पाहतो तं काय, दर झाडाच्या मधातून एक सरळ, टोकदार, भाल्यासारखा, कवळा हिरवा कोंब वर निघालेला. बाकीचे पानं सारे खाली वाकलेले, अन हा एकटाच ताठ. म्या म्हनलं, धत तेरी, इथं बी पानसोट! साहेबाले शिकले-सवरलेले म्हनते अन एवढं दिसलं नाही. धरला अन मोडला. कट्कन आवाज आला, मले लय बरं वाटलं. दुसरा मोडला. तिसरा, चौथा, पाचवा. एकदम साफ, डॉक्टरावानी.

सहाव्याले हात लावला अन मांगून कौसल्याची किंकाळी. डोक्शावरची घागर खाली, पानी सारं वाटेवर, अन ते पळत आली अन माहा हातच धरला. म्हने, बबीचे बाबा, काय केलं हे, काय केलं हो तुमी! म्या म्हनलं, पानसोट काढून राहिलो, अशी काऊन वरडून राहिली. ते म्हने, पानसोट नाही तो, अवं माय, तो त्याचा जीव हाय! मी बी तापलो. म्हनलं, झाडाचं तू मले शिकोशीन काय, रामाकोन्याच्या रामदासले? तं ते खालीच बसली, मोडलेला कोंब हातात घेतला अन म्हने, माही माय जलमभर नाल्यावरच्या शिंदीच्या पानाचे झाडू बांधे, चटया विने, मी तिच्या संगं जाओ, बाजूचे पानं कितीबी कापू, पन मधल्या कोंबाले हात नव्हती लावू देत. तुमच्या संत्र्याले दहा डोक्शे असते, एक मोडलं तं बाजूनं दुसरं फुटते. शिंदीले एकच डोक्शं असते. हे बी शिंदीच्याच जातीचं हाय, पानं पाहा ना याचे.

म्या पानं पाह्यले. सालभर पाहूनच राहिलो होतो, पन त्या दिवशी पाह्यले. खरंच शिंदीची बहीन. गुरुजी, झाडं गेले, साहेब गेला, पक्की जागा गेली, बबीची शाळा गेली, सारं एका सकाळी, अन तेबी माह्याच हातानं, ज्या हाताची मी एवढी बढाई मारो. कौसल्यानं एक शब्द टोचून बोलला नाही. बोलली असती तं बरं झालं असतं. तिनं पदर खोचला अन म्हने, गाभा राहिला असंन तं वाचन, कोंब वरतून मोडला का मुळातून, ते पाहा लागीन.

तेव्हापासून कारभार तिचा. मले झाडाजवळ येऊ देत नव्हती. पानी बुडाले घाले, मधात एक थेंब पडू देत नव्हती, म्हने, मधात पानी राहिलं तं सडते. मोडल्या जागी चुलीची राख टाकली. अन दर आठ दिवसानं प्रत्येक झाडाचं मधलं ठुठं दोन बोटानं धरून हलकेच वर ओढून पाहे. म्हने, हातात आलं तं मेलं, धरून राहिलं तं जित्तं. मी दूर उभा राहो, जीव मुठीत धरून. पहिलं धरून राहिलं. दुसरं धरून राहिलं. तिसरं एक दिवस सपकन हातात आलं, खालून सडलेलं, असा वास आला का नाक धरा लागलं. कौसल्याच्या डोळ्यात पानी आलं, मी तं मोकळाच रडलो, एवढा मोठा बाप्या मानूस, एका पाहाच्या झाडासाठी. त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

पन बाकीचे चार राहिले हो! एक दिवस बबी पळत आली, बाबा, कोंब निघाला. पाहतो तं खरंच, ठुठ्यातून हिरवं सरकून वर आलेलं. मंग दुसऱ्यात, मंग राहिलेल्या दोघाइत. पन मजा पाहा, ते पान जवा उलगडलं तवा शेंड्याकडून सरळ कापलेलं, न्हाव्यानं वाटी ठेवून केस कापावे तसं. आत घडी करून असते ना ते, म्हनून मोडलं तं साऱ्या पानाचे टोकं गेले. चार झाडं हजामत केलेले, सहावं आपलं साबूत, अन मधात एक खड्डा रिकामा. एवढी चिंता, पन त्या झाडाइकडं पाह्यलं का आम्ही नवरा-बायको पोट धरून हासो.

साहेब येनार म्हनून चिठ्ठी आली अन हासू गेलं. म्या ठरोलं, शेळ्या म्हनाचं. फाटक उघडं राहिलं, शेळ्या घुसल्या, खाऊन गेल्या. कौसल्याले सांगतलं, तू बी शेळ्याच म्हनजो. ते म्हने, मले कोनी इचारत नाही, तुमचं तोंड हाय, तुमी बोला.

साहेब आला. जीपमधून उतरला अन उभाच राहिला. एक-एक झाड पाह्यलं, कापलेल्या पानाइवरून हात फिरवला. माह्या तोंडात शेळ्या तयारच होत्या, पन मी बोलाच्या पहिलेच साहेब म्हने, अरे रामदास, याच्यावर तं रोग आला होता, कोंब सडनारा रोग, मोठ्या-मोठ्या बगीच्यातले पाम याच्यात मेले, अन तुमी सहातून पाच वाचोले? कमाल करता! जागा मंजूर झाली, कागद जीपमध्येच हाय, आजच तुमचं नाव लिहून पाठवतो.

गुरुजी, शेळ्याची बी गरज राहिली नव्हती. नुसतं चूप राहाचं होतं. मान हलवली असती तं माळी पक्का झालो असतो. बाजूले कौसल्या घागर घेऊन उभी, माह्याकडं पाहात नव्हती, साहेबाकडं बी नाही, ते त्या नव्या पानाकडं पाहून राहिली होती, अन तिच्या तोंडावर असा आनंद होता का मले सोताची लाज वाटली. अन तोंडातून निघालंच. म्हनलं, साहेब, रोग-बिग काई नाही, रोग मी हाव. पानसोट समजून म्याच मोडले. वाचोले ते इनं. सहावं बी इनंच वाचोलं, माहा हात धरून.

साहेबाचं तोंड लाल झालं होतं, मले वाटलं आता हाकलते. तो सरळ कौसल्यापाशी गेला, म्हने, बाई, तुमाले कसं समजलं का झाड जित्तं हाय. तिनं घागर ठेवली, दोन बोटानं कोंब धरला, हलकेच ओढून दाखोला, म्हने, असं. साहेबानं बी ओढून पाह्यला. मंग जीपमधून कागद आनवला, बोनटवर ठेवला, पेन काढला अन म्हने, नाव सांगा. मी म्हनलं, रामदास. साहेब म्हने, तुमचं नाही, बाईचं. म्हनलं, साहेब, अन माहं? म्हने, जागा एकच हाय रामदास, अन झाडाचा माळी मले समोर दिसून राहिला.

लिहिलं. कौसल्या, पती रामदास. माहं नाव बी आलं कागदावर, पन कुठी आलं पाहा!

आर्डर येयाले टाइम लागला, पन आली. सौसरात लोकाइनं मले सोडलं नाही, चाहाच्या टपरीवर गेलो का म्हनत, या माळीनबाईचे मालक. मी परत कलमाच्या कामाले लागलो. पन आता मोसम सरला तरी फिकीर नाही, घर एका जागी हाय, बबी आठवीत गेली. रिकाम्या खड्ड्यात म्या संत्र्याचं कलम लावलं, कौसल्याले इचारून. आता दोन पाम, एक संत्र, तीन पाम अशी रांग हाय, अन कोनी साहेब इचारते, हे मधातच संत्र कसं, तं कौसल्या म्हनते, हे आमच्या मालकाची चूक हाय, लय गोड लागते.

झाडं आता कवेलूच्या वर गेले. बाजाराच्या दिवशी खेड्याचे लोक फाटकाशी उभे राहाते, मान वर करून पाहाते. एक बुढी खोडाले हात लावून म्हने, सिमिटाच्या खांबाले पानं कसे फुटले गा बाई. लगनाचे नवरा-नवरी फोटो काढाले येते. आंगावर वारं आलं का पानं असे वाजते, मी बी काम सोडून पाहात राहातो. खरंच पाहाचं झाड हाय ते.

इंजिनेर साहेबाचा तबादला झाला, जातानी आम्ही दोघं त्याच्या पाया पडाले गेलो तं पडू नाही देल्लं. आता नवे-नवे साहेब येते, मले पाह्यलं का म्हनते, तुमीच माळी काय. मी सांगतो, मी नाही साहेब, ते पाहा, तिकडं, ते हाय माळी. पहिलं साल-दोन साल हे सांगतानी आंग जळे माहं, लिहून घ्या, लपवत नाही, वाटे का त्या दिवशी चूप राहिलो असतो तं. आता नाही वाटत. आता तं कोनी इचारलं नाही तरी मीच सांगतो. बसा गुरुजी, सुखानं राहा, लेकराबाळाइचं भलं होवो तुमच्या, पन जाऊ नका एवढ्यात, ते हात धुवून येऊनच राहिली. झाडाचं काई लिहाचं असंन तं तिले इचारा.