रंगमास्तरांना न विचारता काढलेलं चित्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, इतक्या लांबून विमानं बदलत आलेले आपल्या चळवळीतले सोबती, संस्थेतली माझी मुलं (केस पांढरे झाले तरी मी त्यांना मुलंच म्हणते) आणि एवढा वेळ टाळ्या वाजवून ज्यांचे हात दुखले असतील असे समोर बसलेले सर्वजण, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

स्वतःविषयी इतकं चांगलं ऐकायची मला सवय नाही. तिसऱ्या रांगेत आमचे हे बसलेत, त्यांनाही नसावी. मघापासून ते कोणा दुसऱ्याच बाईचं कौतुक चाललंय अशा चेहऱ्यानं बघताहेत. अध्यक्षांनी मला ‘न थकणाऱ्या’ म्हटलं. अध्यक्ष महोदय, राग मानू नका, पण मी थकले आहे. वयानं म्हणाल तर तेही आहेच. पण एका गोष्टीनं जास्त. ती आज सांगते आणि मोकळी होते.

आत्ता बोललेल्या चारही वक्त्यांनी एका चित्राचा उल्लेख केला. माझ्यामागच्या पडद्यावरही तेच आहे. कोपरापर्यंत निळा हात, त्याखाली मेलेले मासे, पलीकडे रिकामी बादली घेतलेली मुलगी आणि खाली ती ओळ: ‘माझ्या लेकीच्या पाण्यात माझाच हात.’ एकोणीस देशांतल्या भिंतींवर हे चित्र रंगवलं गेलं. आपली चळवळ लोकांना कशामुळे आठवते? ह्याच चित्रामुळे. म्हणून त्याचं खरं काय ते तुम्हाला कळायला हवं.

चोवीस वर्षांपूर्वी मी शाळेत चित्रकला शिकवत होते. नदीकाठी कापड रंगवायचा कारखाना होता, आणि नदी आज लाल तर उद्या निळी वाहायची. आम्ही मोर्चे काढले, घोषणा दिल्या. कामगारांनी आम्हाला फाटकातूनच हाकललं. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या पोटावर पाय देणारे आम्ही, आणि बोलतही आम्हीच होतो. मग मी घोषणा सोडल्या आणि कागद-पेन्सिल घेऊन एकेकाच्या घरी जाऊन बसू लागले. त्यांनी बोलायचं, मी ऐकायचं, ऐकलेलं चित्रात काढायचं आणि शेवटी कागद त्यांच्यापुढे धरून विचारायचं, “असंच ना?” नाही म्हणाले तर खोडायचं, पुन्हा काढायचं. ते ‘असंच’ म्हणेपर्यंत चित्र पुरं नाही. नियम एवढाच.

ह्या साध्या नियमानं काय काय केलं ते इथल्या पाहुण्यांना विचारा. एका देशात खाणकामगार आणि जंगलात राहणारी माणसं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. ती एकमेकांची चित्रं बघत दोन दिवस एका खोलीत बसली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आपलं काम खोटं होतं असं मी म्हणत नाही.

कारखान्यात निळ्या रंगाच्या हौदावर एक रंगमास्तर होते. मी शाळेतली बाई, ते हौदावरचे मास्तर, म्हणून आमचं जमलं. सात दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसले. सहा दुपारी ते हवापाण्यावर बोलले. सातव्या दुपारी म्हणाले, लेक नदीच्या खालच्या अंगाला दिलीय, पाणी निळं आलं की तिला कळतं, बाबा आज हौदावर आहेत. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

मला वाटलं, अपराधानं भरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नद्यांवरच्या एका परिषदेला निघायचं होतं. घरी येऊन घाईघाईनं चित्र काढलं. खालची ओळही माझीच. ती त्यांच्या तोंडची नाही. कागद त्यांच्यापुढे धरायला परत गेले नाही.

पुढचं तुम्ही जाणता. परिषदेत लोक रडले, चित्र देशोदेशी गेलं, दोन वर्षांत कारखाना बंद झाला. रंगमास्तर लेकीकडे राहायला गेले.

नऊ वर्षांपूर्वी आपलं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे ते लेकीबरोबर आले. चित्र पाहिलं, खालची ओळ वाचली. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही सगळ्यांना विचारायचात, असंच ना म्हणून. मला नाही विचारलंत.”

मी म्हटलं, “मग कसं होतं, मास्तर?”

“मी आनंदानं सांगत होतो हो. लेक माझी वाट बघते, हे सांगत होतो.”

लेक त्यांचा हात धरून उभी होती. तिनं सांगितलं, त्या पाण्यानं तिच्या पोरीच्या अंगावर चट्टे उठायचे, ते खरंच. पण ज्या दिवशी नदीला पहिल्यांदा स्वच्छ पाणी आलं, त्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन काठाकाठानं वर पळत सुटली. तिला वाटलं, बाबांना काहीतरी झालं.

मी चित्र उतरवते म्हणाले. रंगमास्तर म्हणाले, राहू दे, नदी सुधारली ते बरंच झालं, फक्त ते माझं म्हणून सांगू नका.

आणि मी काय केलं? तीनच दिवसांनी एका सभेत कुणीतरी ती गोष्ट सांगायचा आग्रह धरला. मी सांगितली. त्यांचीच म्हणून, तीच ओळ. सभागृह गहिवरलं. पुढे नऊ वर्षं सांगत राहिले. दर वेळी वाटायचं, एवढ्या देशांत उभं राहिलेलं काम एका ओळीपायी कशाला हलवायचं? लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी खाली मान घालून पाणी प्यायचे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. आता त्यांनी ऐंशी ओलांडलीय. आजच्या समारंभात खरं सांगायची परवानगी मागितली. म्हणाले, “सांगा. पण थोडक्यात सांगा. असल्या कार्यक्रमांत लोक उपाशीपोटी बसलेले असतात.” मग दुपारभर ते हौद कसा ढवळायचा ते सांगत राहिले. काठी किती तिरपी धरायची, कापडावर निळा चढला हे वासावरून कसं कळतं. माझ्याजवळ कागद नव्हता. त्यात एकही वाक्य कुठल्या भाषणात वापरता येण्यासारखं नव्हतं. कितीतरी वर्षांनी मी काही न शोधता नुसती ऐकत होते. मधेच मला डुलकी लागली. त्यांच्या लेकीनं उशाला उशी दिली.

संस्थेतल्या मुलांनो, मी आज निवृत्त होतेय, उद्यापासून काम तुमच्याकडे. समोरचा माणूस ‘असंच’ म्हणाला नसेल, तर कागद कोरा घेऊन जा. परिषद खोळंबली तर खोळंबू दे.

आयोजकांनी हा कार्यक्रम मनापासून घडवून आणला. पाहुणे लांबून आले. आमच्या ह्यांनी चोवीस वर्षं माझ्यावाचून जेवणं उरकली. तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. आणि मास्तरांचं न ऐकता मी लांबण लावलीच, तेही पोटात घाला.

शेवटी वक्ते म्हणतात, अनवधानानं काही चुकलं असेल तर क्षमा असावी. मला तसं म्हणता येत नाही. पहिल्यांदा घाईत चुकले असेन. पुढची नऊ वर्षं मला ठाऊक होतं. त्याची क्षमा मागते, आणि खाली बसते.