तिसऱ्या अंकातले पाय

(पांढरकवडा, १९६१. शाळेच्या पटांगणात तालीम थांबली आहे. भीमराज राजाच्या खुर्चीवर बसलेला. सदाशिवराव समोर उभे. भगवानराव मास्तरांच्या हातात वही.)

सदाशिवराव : बाकी सगळं करतो, मास्तर. तलवार लावतो, दाढी चिकटवतो, ती विलायती टोपी घालतो. पायावर डोकं तेवढं ठेवत नाही.

भगवानराव : तुम्ही प्रधान आहात, सदाशिवराव. तुम्ही राजाला राज्यातून हाकललंत, बारा वर्षांनी तुम्हाला पश्चात्ताप झाला. नाटक त्यावरच उभं आहे.

सदाशिवराव : पश्चात्ताप उभ्यानं नाही होत काय?

भगवानराव : तीनशे वर्षं हे नाटक जगभर होतंय. रशियात झालं, जर्मनीत झालं, कलकत्त्याला बंगालीत झालं. कुठे अडलं नाही. पांढरकवड्यात अडलं.

सदाशिवराव : तिकडं राजा कोण होता ते पाहा ना.

भीमराज : माझ्याबद्दल बोलून राह्यले, मास्तर.

सदाशिवराव : तुझ्याबद्दल काही नाही बे. तुझा आवाज चांगला, पाठांतर चांगलं. राजा भीमराजले द्या, हे मीच मास्तरले सांगतलं. तवा तिसरा अंक मी वाचला नव्हता.

भगवानराव : बीडीओसाहेब लेझीमच सांगत होते. सात देशांचे पाहुणे हैदराबादला निघालेत, डाकबंगल्यात मुक्काम करणार, मुलं लेझीम खेळतील, चहा होईल. मीच म्हटलं, साहेब, इंग्रजांचं जुनं नाटक वऱ्हाडीत करून दाखवतो. ते म्हणाले, अवश्य. त्यांना वाटलं मी विसरून जाईन.

सदाशिवराव : पाहुण्यायले वऱ्हाडी समजते काय?

भगवानराव : एक शब्द नाही.

सदाशिवराव : मंग मी डोकं ठेवलं काय अन् नाही ठेवलं काय, कोणाले कळते?

भीमराज : त्यायलेच कळते. ज्याले शब्द समजत नाही तो हातपायच पाहते.

सदाशिवराव : पाहुणे पुढच्या दोन रांगा. त्याच्या मागं माझं अख्खं गाव बसणार आहे. वणीहून सोयरे येऊन राह्यले. त्यायले शब्दही समजते अन् पायही समजते.

भगवानराव : मूळ इंग्रजीत प्रधान नुसता एक गुडघा टेकतो. पण आपल्याकडे तसं केलं तर लोकांना वाटेल, याचं काही सांडलंय, शोधतोय. म्हणून मी पायावर डोकं घातलं. आता तेच नडतंय.

सदाशिवराव : मले राजा करा. भीमराजले प्रधान.

भगवानराव : हेही होईल. काय रे, भीमराज?

भीमराज : छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, तवाच ठरवलं. कोणाले जोहार नाही, कोणाच्या पाया पडणं नाही. नाटकातही नाही.

सदाशिवराव : पाहा. याचं ठरलेलं चालते, माझं नाही चालत.

भीमराज : तुमचं ठरलेलंही चाललं ना. सत्तावन्नचा उन्हाळा.

सदाशिवराव : ते कायले काढतं आता?

भगवानराव : काय झालं होतं? मी गेल्या वर्षी बदलून आलो, मला ठाऊक नाही.

भीमराज : दीक्षेनंतर आम्ही मेलेलं ढोर ओढणं सोडलं. यायच्या विहिरीवर आमच्या मडक्यात वरून पाणी ओतत, ते बंद झालं. दोन महिने. माझी माय नाल्यातलं पाणी फडक्यानं गाळून भरे. ती मेली नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात नाही.

सदाशिवराव : ते गावानं ठरवलं होतं. एकट्या माझं नव्हतं.

भीमराज : विहीर एकट्या तुमची होती.

सदाशिवराव : मास्तर, लेझीमच घ्या.

भगवानराव : लेझीमची सगळी मुलं मी सैन्यात घेतली आहेत.

भीमराज : मले लेझीम नको. खरं सांगतो, मास्तर. चार वर्षं मी यायच्याशी बोललो नाही. रस्त्यात दिसले तं बाजू बदलली. इथं तुम्ही लिहून दिलं म्हणून बोलून राह्यलो. जिनिंगमधून सुटलो का पोळी न खाता इथं येतो, तो याच प्रवेशासाठी. मले हा प्रवेश करायचा आहे.

भगवानराव : पण ते वाकत नाहीत, बाबा. मी काय करू?

भीमराज : त्यायनं वाकावं. पायापर्यंत मी पोचू देत नाही. मधातच खांदे धरतो अन् वर घेतो.

सदाशिवराव : म्हणजे तू मले धरशील.

भीमराज : व्हय.

सदाशिवराव : सगळ्या गावासमोर.

भीमराज : अन् सात देशांसमोर.

भगवानराव : चालेल. माझ्यापेक्षा बरं सुचलं याला. काय म्हणता, सदाशिवराव?

सदाशिवराव : घरी आईले काय सांगू, ते पाहून राह्यलो.

भगवानराव : सांगा, मास्तरनं लिहिलं होतं.

सदाशिवराव : किती वाकायचं?

भगवानराव : तो धरेपर्यंत.

सदाशिवराव : अन् त्यानं नाही धरलं तं?

भीमराज : धरतो.

सदाशिवराव : ऐन वेळी हात मागं घेतला तं मी तुझ्या पायावरच पडन. गाव हसन.

भीमराज : धरतो म्हटलं ना.

भगवानराव : चला, अंधार पडायच्या आत एकदा करून पाहू. सदाशिवराव, डावीकडून या. टोपी काढा. हं, वाका. अजून. अजून थोडं. धर, भीमराज. दोन्ही खांदे. असं. आता वर घेऊ नको, आधी त्यांचं वाक्य. 'महाराज, माझं चुकलं, मला पदरात घ्या.' म्हणा.

सदाशिवराव : माझं चुकलं.

भगवानराव : आधीचं महाराज राहिलं, पुढचंही राहिलं. आणि आवाज एकदम बसला, हा मागच्या रांगेपर्यंत जायचा नाही. पुन्हा घ्या.

भीमराज : आज पुन्हा नको, मास्तर. मले आलं ऐकू.