सांगून-सवरून बंद पडणारी गाडी

...आणि वर नणंद मलाच विचारते, "वहिनी, तुला कळतंय का तू काय करतेयस?" अहो, कळतंय की! सगळं कळतंय! गाडी जुनी आहे हे कळतंय, तिच्यात दोनच माणसं बसतात हे कळतंय, रंग पिवळा आहे आणि तोही साधासुधा नाही, आंधळ्यालासुद्धा रस्ता सोडावासा वाटेल असला पिवळा, हेही कळतंय... कळण्याचा प्रश्नच नाहीये हो! प्रश्न वाटण्याचा आहे. आणि वाटत काहीच नाही. त्याला मी काय करू?

तुम्हाला सांगते, हे गेले तेव्हापासूनच हे असं झालंय. हे म्हणजे माझे यजमान. दात काढायला गेल्यावर गालाचं कसं होतं, गाल असतो जागच्या जागी, पण आपला नसतो, बोट लावलं तर दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं? तसं. फक्त गालापुरतं नाही, सगळीकडे. लेक लांब असते, ती रोज फोन करते, "आई, रडलीस का गं आज?" गोळी घेतलीस का विचारावं ना, तशी! "नाही गं." "अगं, रडायला हवं, आत साठून राहतं ते." कुठे साठतं? मला दाखवा ना, मी काढून टाकते! आणि नणंद... ती भेटायला म्हणून आली ती राहिलीच. भावासाठी रोज सकाळी मनसोक्त रडते, रडून झालं की चहात बुडवून टोस्ट खाते आणि मग माझ्याकडे बघत बसते, जणू काही रांगेत आता माझा नंबर आलाय आणि मी आपली बाकावरून उठतच नाहीये! मी म्हणते, उठले असते गं बाई, पण उठावंसं वाटायला हवं ना. आणि वाटत काहीच नाही.

कामावर तर आणखीनच गंमत. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आतल्या अंधाऱ्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या डोळ्यापुढे काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं बरं?" दिवसभर हेच! आणि लोक सांगतात हो! चटकन सांगतात! "आधीचं बरं." "नाही नाही, हे बरं." मला इतका हेवा वाटतो... म्हणजे वाटायला हवा, वाटत नाही, पण वाटला असता तर त्यांचाच वाटला असता. मला कुणी त्या खुर्चीत बसवून विचारलं ना, तर मी म्हणेन, सारखंच आहे हो, द्या कुठलीही.

तर त्या खुर्चीत एक दिवस बातम्याकाका येऊन बसले. सगळे त्यांना बातम्याकाकाच म्हणतात, कारण जन्मभर त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या आणि स्वतः रिटायर झाले तरी आवाज काही रिटायर झाला नाही. मी म्हटलं, काका, समोरची अक्षरं वाचा. तर खर्जात, शांतपणे, "वरची ओळ... धूसर आहे. मधल्या ओळीबाबत अद्याप कोणताही तपशील हाती आलेला नाही." हसू यायला हवं होतं ना? नाही आलं. मी सरळ सांगितलं, काका, यापुढे गाडी चालवू नका, कुणाला तरी उडवाल. ते म्हणाले, "मुलगा म्हणतो, वयाप्रमाणे आहे. डॉक्टर म्हणतात, बघू पुढच्या वेळी. स्पष्ट सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या." आणि चष्म्याची फ्रेम निवडता निवडता एकदम म्हणतात, "माझी गाडी तुम्ही घ्या."

आता, मला गाडी हवी होती का? अजिबात नाही! घरी ह्यांची गाडी होती की! राखाडी, चार दारांची, सज्जन. आयुष्यात कधी बंद पडली नाही. ह्यांनी पडूच दिली नाही हो! रविवारी तिच्या चाकांत हवा बघायची, तेल बघायचं, पुसायचं, आणि मला हात लावू द्यायचा नाही. लायसन्स आहे माझ्याकडे, पण ह्यांचं म्हणणं, "तू बसलीस की क्लच रडतो." क्लच रडतो! मी रडत नाही याची आत्ता सगळ्यांना काळजी, तेव्हा क्लचची! ...असो. हे गेल्यावर ती गाडी तशीच उभी. बघायला म्हणून जाऊन यावं, एवढंच मनात होतं. नणंद म्हणाली, "जा, जा, तेवढंच मन रमेल." तिला बिचारीला वाटलं मी पडदे बघायला चाललेय.

काकांनी गॅरेजचं शटर वर केलं. मला काय वाटलं? काही नाही. पण काकांनी आवाज लावला. "नमस्कार. या गाडीचे दोष." अहो, शपथेवर सांगते, नमस्कार म्हणाले! "हीटर बंद होत नाही. उन्हाळ्यात मोजे घालू नयेत. दुसरा गिअर सकाळी लागतो, दुपारी विचार करतो. छप्पर उघडते. मिटण्याबाबत बोलणी सुरू आहेत. इंधनाचा पंप तापला की गाडी चढावर बंद पडते. घाबरून जाऊ नये. थोडा वेळ थांबल्यास जनजीवन पूर्वपदावर येते." मी म्हटलं, काका, विकायचीय ना तुम्हाला? "विकायची आहे. फसवायचं नाही."

बसले. म्हणजे बसले कसली, पडले! सीट इतकी खाली की रस्ता थेट कंबरेला लागतोय असं वाटावं. काका शेजारी. निघालो. पायांना हीटरची धग, दुसरा गिअर विचारात पडलेला, उघड्या छपरातून केसांचं घरटं झालेलं, माणसं वळून वळून बघतायत, एक बाई तर पिशवी खाली ठेवून बघत उभी... आणि मला? काही नाही! चांगलं नाही, वाईट नाही. मग लागला चढ. आणि ऐन मधोमध, सिग्नलच्या तोंडावर... गप्प. एकदम गप्प. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, एक टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन, "ओ बाई! शोभेची आहे का चालवायची आहे?" आणि काका, शांतपणे, "वाहतूक विस्कळीत झाल्याचे वृत्त आहे. ताई, पंप. थांबा जरा."

थांबले. हात स्टिअरिंगवर ठेवून थांबले. आणि कसं कोण जाणे, मला ह्यांच्या डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. तपासणीला दोघंच गेलो होतो. "साहेब, एकदम ठणठणीत! काही म्हणजे काही नाही!" ह्यांनी येताना मला ऐटीत सांगितलं, "बघ, काही नाही." आणि मग हे, ज्यांच्यात काही म्हणजे काहीच नव्हतं, ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि परत वर आलेच नाहीत. चढ नाही, धूर नाही, आवाज नाही. कुणी सांगितलं होतं का? कुणी आवाज लावून म्हटलं होतं का, नमस्कार, या माणसाचा दोष...?

काका म्हणाले, "आता फिरवा किल्ली." फिरवली. लागली सुरू! जसं सांगितलं होतं तसंच्या तसं! टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी चढ चढले, पुढे बाजूला घेतली आणि बघते तर हे एवढं थरथरतंय सगळं. मी म्हटलं, काका, हा थरथराट तुम्ही सांगितला नव्हतात! काकांनी कान लावला. गाडीवर हात ठेवून बघितला. आणि बातम्यांचा आवाज सोडून, साध्या आवाजात म्हणाले, "हा गाडीचा नाही, ताई. तुमचा आहे."

मी म्हटलं, घेते.

घरी सांगितलं मात्र! "वहिनी!! स्पोर्ट्स कार? अगं, ती पोरासोरांची... आणि ठेवणार कुठे?" तिथेच तर मेख होती. इमारतीत जागा एकाच गाडीची. पिवळी आली की राखाडी जाणार. नणंदेचा आवाज चिरकला, "दादाची गाडी विकणार तू?" विकणार नव्हते, जावई येऊन घेऊन जाणार होता, लेकीच्या दारात उभी राहणार होती, पण तिला काय त्याचं. लेकीचा फोन, "आई, हे दुःखाचं एक रूप असतं, मी वाचलंय." आता हिने काय काय वाचलंय! मी त्या राखाडी गाडीत जाऊन बसले. ह्यांनी लावलेली सीट, ह्यांनी वळवलेला आरसा, त्यात मला माझं कपाळच तेवढं दिसत होतं. किल्ली फिरवली. हूं की चूं न करता सुरू झाली. बसून राहिले बराच वेळ. काही नाही. मग आरसा होता तसाच ठेवला आणि किल्ली जावयाला दिली.

तर आज सकाळची गोष्ट. कामावर निघाले, पिवळी सुरू होईना. हाही दोष काकांनी आदल्या दिवशी फोन करून कळवला होता, ठळक बातम्यांत. नणंद खाली आली, पायात घरातल्या सपाता, हातात अर्धा टोस्ट. कमरेवर हात ठेवून उभी. "मला एक सांग, दादाच्या गाडीत काय दोष होता गं?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलाच नाही ना."

तिने टोस्ट खिडकीच्या कठड्यावर ठेवला. नाक पुसलं. मग गाडीच्या मागे गेली आणि म्हणाली, "बस आत. ढकलते."

आणि तुम्हाला सांगते, काय ढकललीन हो! गाडी खोकली, उचकली, सुरू झाली, फाटकातून बाहेर, रस्त्याला लागले, म्हटलं आलं वाटतं रडू, आत्ता येणार... तर मागून नणंद सपाता फटफटवत धावतेय, "अगं वहिनी, थांब! मलाही घे! थांब गं!"

थांबू कशी हो? बंद पडली असती!