झोपाळ्याची सळई

फूलबागेत बसच्या रांगेत उभ्या लीलाताईंचे कान पुढच्या बापलेकीकडे लागले होते.

“बाबा, एकदम पक्का हिसाब आहे! अर्ध्या इंचाची सळई पाच टनांवर तुटते. मी एका सळईवर एकच टन भार धरला. आणि झोपाळ्याला तशा चार सळया आहेत!”

“डोहाळजेवणाला तुझी वहिनी बसायचीय त्यावर. पोटुशी बाई!”

“म्हणून तर तीनदा मांडला!”

“आमच्या संस्थानी पलटणीत पूल बांधणारा स्वतः पुलाखाली उभा राहायचा, मगच वरून तोफ जायची.”

“पलटण मोडली, बाबा. इथली राजधानीसुद्धा भोपाळला गेली!”

“रीत कुठं गेली?”

“ठीक आहे! मी झोपाळ्याखाली बसते. वर मावश्या-आत्या सगळ्या चढवा!”

“हिसाब पक्का म्हणालीस ना?”

“एकदम!”

“मग तू वर बस. खाली मी बसतो.”